फोटो छान आलाय, म्हणूनच शंका येते

अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याच्या वेल्डचा छेद कुणी कौतुकाने दाखवला आणि त्यात नारिंगी-चंदेरी लाटा एकमेकींत गुंतलेल्या दिसल्या, की माझा पहिला प्रश्न असतो, "वाकवून बघितलात का?" यावर बहुतेक वेळा समोरचा विषय बदलतो.

मी वेल्ड करत नाही. दुसऱ्यांनी केलेले जोड मी कापते, साच्यात बसवते, घासून आरसा करते आणि मायक्रोस्कोपखाली बघते. मशीन चालवणारे दादा दुसऱ्या शेडमध्ये असतात. त्यांचं काम मोठ्या आवाजाचं, माझं बिनआवाजाचं. जोड वरून कसा दिसतो याचं त्यांना कौतुक, आणि मला वरचं काहीच दिसत नाही, फक्त पोट दिसतं. त्यामुळे माझी मतं थोडी एकतर्फी असतील, हे आधीच सांगून ठेवते. पण इतके छेद बघून एका गोष्टीबद्दल माझी खात्री झालीय: या दोन धातूंच्या फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमध्ये धातू जितके कमी ढवळले जातील तितका जोड बरा. पद्धतीच्या नावातच ढवळणं आहे, त्यामुळे हे ऐकायला विचित्र वाटतं, पण काय करणार.

पद्धत माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे टीडब्ल्यूआयमध्ये, १९९१ साली वेन थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शोधली. आर्क नाही, ज्योत नाही, फिलर वायर नाही. एक जाड दंडगोल टूल असतं आणि त्याच्या तोंडाला मधोमध आखूड पिन असते. टूल फिरवत ती पिन दोन प्लेटांच्या सांध्यात दाबायची, टूलचा खांदा, ज्याला सगळे शोल्डरच म्हणतात, पृष्ठभागाला नीट टेकला की काही सेकंद जागेवरच फिरू द्यायचं, आणि मग सांध्यावरून सरळ ओढत न्यायचं. घर्षणाने धातू तापतो, मऊ होतो, पिनला वळसा घालून मागच्या बाजूला जाऊन दाबून बसतो. बहुतेक उष्णता शोल्डरकडून येते, पिन लोटण्याचं काम करते. टूल दोन-तीन अंश मागे झुकवलेलं असतं, म्हणजे शोल्डरची मागची कड धातूला खाली दाबत जाते. खाली पोलादी बॅकिंग प्लेट हवी आणि क्लँप असे हवेत, की जॉबने, म्हणजे जोडायच्या प्लेटांनी, हलायचं मनातसुद्धा आणू नये. टूल खाली दाबणारं बल काही किलोन्यूटनांच्या घरात असतं. नुसतं आवळल्यासारखं करून भागत नाही.

अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅल्युमिनियम जोडायचं असेल तर हे सगळं आता जुनं झालं. रॉकेटच्या इंधनटाक्या, रेल्वेचे डबे, जहाजांचे डेक, सगळीकडे चालतं. तांब्याला तांबंही होतं. स्वीडनमध्ये वापरलेलं अणुइंधन जमिनीखाली ठेवण्यासाठी पाच सेंटिमीटर जाडीच्या तांब्याच्या भिंतीची पिंपं आखली आहेत, आणि त्यांची झाकणं याच पद्धतीने बसवायचं ठरलंय. पाच सेंटिमीटर जाडीचं तांबं, आणि तेही फिरत्या टूलने! म्हणजे दोघांपैकी कुणाचाही स्वभाव एकट्याने वाईट नाही. भांडण सुरू होतं ते दोघे एकत्र आले की.

मग एकत्र आणायचेच कशाला? कारण विजेला दोघे हवे असतात. अ‍ॅल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या साधारण ६० टक्के, पण घनता तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे वजनाच्या हिशेबात अ‍ॅल्युमिनियम जवळपास दुप्पट वीज वाहून नेतं. जिथे वजन महत्त्वाचं तिथे बसबार (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) अ‍ॅल्युमिनियमचे होतात, जिथे जागा कमी तिथे तांब्याचे राहतात, आणि मधे कुठेतरी एकाला दुसऱ्याशी हात मिळवावाच लागतो. लिथियम-आयन सेलमध्ये तर निवडीचा प्रश्नच नाही. धन बाजूचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, ऋण बाजूचा तांब्याचा, कारण ऋण बाजूच्या कमी व्होल्टेजला लिथियम अ‍ॅल्युमिनियममध्येच शिरून त्याचं मिश्रधातू करून टाकतं. असे सेल एकापुढे एक जोडायचे म्हणजे प्रत्येक जोडणीत कुठे ना कुठे हे दोन धातू समोरासमोर येणार.

बोल्टने आवळता येतात, आवळतातही. पण अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागताक्षणी ऑक्साइडची पापुद्री येते आणि ती वीज वाहत नाही. शिवाय तापलं की अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं. १०० मिमी लांबीचा तुकडा १०० अंशांनी तापवला तर अ‍ॅल्युमिनियम ०.२३ मिमी वाढतं, तांबं ०.१७. दर वेळी तापायचं, दर वेळी निवायचं, आणि दाबाखालचं अ‍ॅल्युमिनियम हळूहळू सरकत राहतं. बोल्ट ढिला पडतो, रोध वाढतो, रोध वाढला की जास्त तापतं. ओलावा मिळाला तर दोघांत बारीकसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचा बळी जातो. याची झलक मला टेबलावरच बघायला मिळते, ती पुढे सांगते.

वितळवून वेल्ड करायचा तर अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि तांबं १०८५ला. तांबं वितळेपर्यंत अ‍ॅल्युमिनियम कधीच पाणी होऊन वाहून गेलेलं असतं. पण माझ्या मते खरी अडचण ही नाही. ही दोघं मिसळली की संयुगं बनवतात, आणि ती संयुगं धातूसारखी वागत नाहीत. दोन अणू अ‍ॅल्युमिनियमचे आणि एक तांब्याचा असं एक, एकास एक असं दुसरं, नऊ तांब्याचे आणि चार अ‍ॅल्युमिनियमचे असं आणखी एक, आणि मधली दोन-तीन. सगळी कडक, सगळी ठिसूळ. वाकवायला गेलं की ताणत नाहीत, थेट तडकतात.

फ्रिक्शन स्टर वेल्डिंगची महती सांगताना सगळे म्हणतात, "यात काही वितळतच नाही, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही." हे वाक्य या जोडीपुरतं तरी जरा जपून बोलावं. ६६० आणि १०८५ हे झाले एकेकट्याचे वितळणबिंदू. दोघं एकमेकांना चिकटून असतील तर त्यांच्या सीमेवर, वजनाने ३३ टक्के तांबं असलेल्या मिश्रणाला, वितळायला ५४८ अंश पुरतात. टूलखाली अ‍ॅल्युमिनियमचं तापमान ४०० ते ५०० अंशांत अगदी सहज जातं. फिरण्याचा वेग वाढवला, फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याची गती, मंद ठेवली, की ५४८ काही लांब राहत नाही. तेव्हा सीमेवर पातळ द्रवाचा पडदा तयार होतो, टूल घसरल्यासारखं फिरतं, टूल फिरवणाऱ्या स्पिंडलवरचा भार उतरतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, वा, किती सुरळीत चाललंय. छेदात मात्र तो द्रव गोठल्याच्या खुणा दिसतात, एकाआड एक बारीक पट्ट्यापट्ट्यांची नक्षी. ती नक्षी घन अवस्थेत कधीच होत नाही. मला ती दिसली की मी दादांना फोन करते, आणि ते म्हणतात, "अहो मॅडम, पण मशीन तर लोण्यासारखं चाललं होतं." तेच तर.

आता टूल कुठे चालवायचं याकडे येते, कारण सगळी गंमत तिथे आहे.

टूल फिरत फिरत पुढे जातं, त्यामुळे त्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. एका बाजूला टूलचा परीघ प्रवासाच्याच दिशेने फिरत असतो, ती अ‍ॅडव्हान्सिंग बाजू. दुसरीकडे तो उलट्या दिशेने फिरतो, ती रिट्रीटिंग. पिनच्या पुढचा मऊ धातू मुख्यतः रिट्रीटिंग बाजूने वळसा घालून मागे येतो आणि अ‍ॅडव्हान्सिंग बाजूला जाऊन भरतो. तो पुरेसा भरला नाही की जोडाच्या पोटात लांबच लांब पोकळी राहते, तिला टनेल म्हणतात. ती बहुतेक वेळा अ‍ॅडव्हान्सिंग बाजूलाच सापडते, याचं कारणही हेच.

मग तांबं कुठल्या बाजूला ठेवायचं? समजा रिट्रीटिंग बाजूला ठेवलं. म्हणजे वळसा घालून वाहायचं काम तांब्याकडे आलं. ज्या तापमानाला अ‍ॅल्युमिनियम छान मऊ झालेलं असतं त्या तापमानाला तांबं अजून बऱ्यापैकी ताठ असतं, शिवाय ते उष्णता भराभर पळवतं, टूलखाली टिकूच देत नाही. ते वाहत नाही, तुटतं. त्याचे तुकडे अ‍ॅल्युमिनियममध्ये फेकले जातात आणि मागे भोकं राहतात. उलट तांबं अ‍ॅडव्हान्सिंग बाजूला ठेवलं तर ते भिंतीसारखं उभं राहतं आणि मऊ अ‍ॅल्युमिनियम वळसा घालून येऊन त्या भिंतीवर दाबलं जातं. म्हणून या कामात पडलेले बहुतेक लोक शेवटी तांबं अ‍ॅडव्हान्सिंग बाजूलाच ठेवतात.

एवढ्यावर भागत नाही. पिन सांध्याच्या बरोबर मधोमध चालवली तर अर्धी पिन तांब्यात. तांब्याचे मोठे लचके तुटून येतात, आणि प्रत्येक लचक्याभोवती अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे प्रत्येक लचक्याभोवती ठिसूळ संयुगाचं वेष्टन. ते सुंदर लाटांचे फोटो इथेच मिळतात. म्हणून पिन अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूला सरकवायची. ६ मिमी व्यासाची पिन, म्हणजे मधल्या रेषेपासून ३ मिमी. ती २ मिमी अ‍ॅल्युमिनियमकडे सरकवली की तांब्यात फक्त १ मिमी उरते. तेवढ्याने तांब्याची कड खरवडली जाते, तिच्यावरचा ऑक्साइड निघतो, ताजा धातू उघडा पडतो, आणि त्याच क्षणी गरम अ‍ॅल्युमिनियम येऊन त्यावर चिकटतं. काम झालं. लाटा नाहीत, भोवरे नाहीत, फोटो अगदी रटाळ. एका बाजूला नारिंगी, एका बाजूला चंदेरी, मधे किंचित वेडीवाकडी रेघ आणि चंदेरीत इकडेतिकडे चार तांब्याचे कण. मला असा छेद दिसला की बरं वाटतं.

दादांना हे सरकवणं आवडत नव्हतं. त्यांचं म्हणणं, "मॅडम, टूल तांब्यात किती शिरलंय ते मला आवाजावरून कळतं. अ‍ॅल्युमिनियममध्ये घुमतं, तांब्यात कुरकुरतं. एवढं बाजूला नेलं तर तांब्याचा आवाजच येत नाही, मग जोड झाला हे समजायचं कसं?" मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पिन जास्तच सरकली तर तांब्याला स्पर्शच होत नाही. अ‍ॅल्युमिनियम नुसतं तांब्याला खेटून बसतं, वरून सलग दिसतं, छेदातही सलग दिसतं, आणि हाताने वाकवलं तरी उघडतं. याला किसिंग बॉण्ड म्हणतात. सगळ्या दोषांत मला हाच सगळ्यात जास्त छळतो, कारण पोकळी निदान दिसते तरी.

आणि हे २ मिमी संपूर्ण लांबीत २ मिमीच राहतील असं कुणी सांगितलं? प्लेटा धरून ठेवणारं फिक्स्चर मशीनच्या टेबलाशी अर्धा मिलिमीटर तिरकं असलं, तर सुरुवातीला २ आणि शेवटाला दीड. त्यात प्लेटा तापल्या की वेगवेगळ्या फुगणार, क्लँप कितीही आवळा. शिवाय उष्णतेचा हिशेब: सुरुवातीला जॉब गार असतो, पुढे सरकताना टूलच्या आधी उष्णताच पोचलेली असते, शेवटाकडे प्लेट चांगलीच तापलेली. म्हणजे एकाच प्लेटीत, एकाच सेटिंगवर, दोन टोकांना दोन वेगळे जोड तयार होतात. त्यामुळे "या जोडाचा छेद" असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुठला? सुरुवातीपासून किती अंतरावर कापलाय? मधला सगळ्यात देखणा तुकडा कापून आणला असेल तर तो जोडाचा नाही, जोडाच्या मधल्या भागाचा छेद आहे. मी स्वतः तीन ठिकाणी कापायला सांगते, आणि शेवटच्या तुकड्याकडे सगळ्यात जास्त वेळ बघते.

माझ्या टेबलावर आल्यावर हे सँपल सरळ वागत नाही. दोन धातू वेगवेगळ्या वेगाने घासले जातात. पॉलिश पेपरवरून सुटलेला संयुगाचा कण अ‍ॅल्युमिनियमवरून फरफटत जातो आणि लांब ओरखडा पाडतो. तो ओरखडा काढायला आणखी घासावं, तर आणखी कण सुटतात. म्हणून मी गरम साच्यात बेकेलाइट दाबून बसवत नाही, गार इपॉक्सीत बसवते. दाबाने नाजूक सीमा आधीच तडकली तर तो तडा वेल्डचा की माझ्या प्रेसचा, हे नंतर कुणी सांगू शकत नाही. शेवटच्या १ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) डायमंड पेस्टला पाणी अजिबात नाही, अल्कोहोलमधलं वंगण. धुवायचं तेही अल्कोहोलने, आणि लगेच गरम हवेने सुकवायचं. पाण्याचा थेंब सीमेवर राहिला तर तांब्यालगत अ‍ॅल्युमिनियमची काळी, खाल्लेली रेघ उमटते. मघाशी बळी म्हटलं तो हाच, आणि त्याला वर्षं लागत नाहीत. तांब्याला खुलवणारं फेरिक क्लोराइड अ‍ॅल्युमिनियमला काळं करतं, अ‍ॅल्युमिनियमला खुलवणारं केलर्स द्रावण सीमेवरच जास्त चरतं. त्यामुळे मी पहिला फेरा एचिंगशिवायच, म्हणजे असलं कुठलंही द्रावण न लावता, बघते. रंग मुळातच वेगळे आहेत, अजून काय हवं?

साध्या मायक्रोस्कोपखाली १ मायक्रॉनचा थर म्हणजे नुसती करडी रेघ. तो नीट बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. त्यात तांबं पांढरंशुभ्र, अ‍ॅल्युमिनियम काळपट, आणि मधल्या संयुगांच्या करड्या छटा. तांब्याला लागून उजळ करडी, ती तांबं जास्त असलेल्या संयुगाची. अ‍ॅल्युमिनियमला लागून गडद, ती अ‍ॅल्युमिनियम जास्त असलेल्याची. सलग, साधारण १ मायक्रॉनचा थर असेल तर मी खूश. थर अजिबात नसेल तर जोडच झालेला नाही, म्हणजे संयुग हा शत्रू आहे असं नाही, थोडं हवंच. थर जाड होत चार-पाच मायक्रॉनवर गेला की त्यात आडव्या भेगा दिसायला लागतात, आणि त्या जॉब थंड होतानाच पडलेल्या असतात. कुणी ओढायच्या आधीच.

इथे एक गाऱ्हाणं. "सीमेवरच्या थराची हार्डनेस मोजून द्या" असं मला कायम सांगितलं जातं. १०० ग्रॅम भाराचा विकर्सचा, म्हणजे हार्डनेस मोजायच्या हिऱ्याच्या टोकाचा, ठसा तांब्यावर साधारण ४० मायक्रॉनचा उमटतो, मऊ अ‍ॅल्युमिनियमवर त्याहून मोठा. थर १ मायक्रॉनचा. हत्तीच्या पायाने मुंगीची कंबर मोजण्यासारखं आहे हे. हार्डनेसच्या आलेखात मधे जी अचानक उंच टोकं दिसतात ती त्या थराची नसतात. ढवळलेल्या भागात फेकल्या गेलेल्या, संयुग झालेल्या मोठ्या कणांवर ठसा पडला की ती येतात. म्हणजे टोकं जितकी जास्त तितकं तांबं जास्त तुटून आलंय. असा आलेख दाखवून "आपला जोड किती कडक झालाय बघा" म्हणणाऱ्यांना काय सांगावं कळत नाही.

विजेचा रोध हा दुसरा लाडका आकडा. जोड तयार झाला की चार तारांनी मायक्रो-ओहम मोजायचे आणि आकडा छान आला की खूश व्हायचं. जरा हिशेब करून बघा. संयुगाचा विशिष्ट रोध तांब्याच्या काही पट असतो, पण थर आहे १ मायक्रॉनचा. म्हणजे वाटेत काही मायक्रॉन जास्तीचं तांबं घातल्यासारखं. सगळा बसबार सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्यात हे कुठे दिसणार? ताज्या जोडाचा रोध थराबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. तो वाढतो तो भेगांनी आणि पोकळ्यांनी, कारण त्या विजेची वाटच अरुंद करतात. आणि भेगा वापरात वाढतात. वापरात जोड तापतो, तापला की अणू सीमेच्या आरपार सरकत राहतात, थर जाड होत जातो. वाढ वेळेच्या वर्गमुळाने होते, म्हणजे जाडी दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो. तापमान वाढवलं तर हीच वाढ झपाट्याने होते. म्हणूनच भट्टीत तापवून ठेवून जोड म्हातारा करून बघता येतो. रोधाचा ताजा आकडा नको, भट्टीतून काढल्यानंतरचा द्या, असं मी आताशा लिहूनच पाठवते.

ताण चाचणीचंही तसंच. जोड अ‍ॅल्युमिनियममध्येच, सीमेपासून लांब तुटला की टाळ्या. पण वेल्डच्या उष्णतेने अ‍ॅल्युमिनियमचा तो पट्टा मऊ पडलेला असतो, तो आधी तुटणारच. त्यामुळे सीमा त्या मऊ पट्ट्यापेक्षा मजबूत आहे एवढंच कळतं. वाकवण्याची चाचणी जास्त निर्दय आहे, म्हणून मला ती आवडते. आणि सीमेवर तुटला तर तुटलेली तांब्याची बाजू फेकू नका, माझ्याकडे पाठवा. तिच्यावर अ‍ॅल्युमिनियमचे चंदेरी, ओरबाडलेले डाग असतील तर जोडाने झुंज दिलीय. सपाट, करडी, काचेसारखी चमक असेल तर थर जाड होता. आणि तांबं जसंच्या तसं, टूलचे ओरखडेसुद्धा न उमटलेलं असेल, तर दादांचा आवाजाचा मुद्दा बरोबर होता.

एकावर एक ठेवून केलेल्या लॅप जोडाबद्दल फार लिहीत नाही. अ‍ॅल्युमिनियम वर, तांबं खाली, आणि पिन तांब्याला जेमतेम खरवडेल एवढीच खोल. तत्त्व तेच, फक्त बाजूला सरकवण्याच्या जागी खोली सांभाळायची. होंडाने २०१३च्या अ‍ॅकॉर्ड गाडीच्या पुढच्या सबफ्रेममध्ये पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम या पद्धतीने जोडले होते, तिथेही पोलाद-अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगाचा थर पातळ ठेवणं हीच कसरत. बॅटरीतल्या कागदासारख्या पातळ पत्र्यांना मात्र हे टूल म्हणजे अत्याचार आहे. तिथे अल्ट्रासॉनिक किंवा लेसरच बरं.

सध्या आमचा वाद जस्तावर चाललाय. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मधे जस्ताची पातळ पट्टी ठेवायची. जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून ३८१ अंशांनाच वितळतात, तो द्रव ऑक्साइडला घेऊन बाहेर पडतो, आणि तांबं-अ‍ॅल्युमिनियमचं संयुग कमी बनतं, असं त्यामागचं गणित. दादा म्हणतात, "वितळवायचंच होतं तर मग एवढं मोठं मशीन कशाला, सोल्डरच करा की." मी म्हणते, वितळू दे, पण बाहेर तरी पडू दे, वाईट द्रव तो जो आत गोठतो. शेवटी ठरलं, एकाच प्लेटीच्या अर्ध्या लांबीत जस्त घालायचं, अर्ध्यात नाही. मग लक्षात आलं, की सुरुवातीच्या अर्ध्यात घातलं तर जस्ताला गार बाजू मिळते, शेवटच्या अर्ध्यात घातलं तर तापलेली, आणि दोन्ही प्रकारे कुणीतरी म्हणणारच की तुलना बरोबर नाही. आता पट्टीचे तुकडे करून एक सोडून एक ठेवायचे, असं दादांनी सुचवलंय. तुकडे कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात याच्या खुणा प्लेटच्या कडेला पंचने ठोकून ठेवा, एवढीच माझी अट आहे. मार्करच्या खुणा टूल गेल्यावर राहत नाहीत.